दोन राज्यांना दिलेला होकार

जेलरोडच्या मागच्या गल्लीत कुणाकडे बाळ जन्मलं की पेढ्यांच्या आधी उज्वलाताई बोरस्त्यांना निरोप जायचा. त्या यायच्या, न्हाणीत पाट टाकून बसायच्या, साडी गुडघ्यांवर खोचायच्या आणि पाय लांब पसरून म्हणायच्या, “हं, आणा पाहू राजेसाहेबांना.” मग तेल, मग दुधात कालवलेलं डाळीचं पीठ, मग कोपर बुडवून पाहिलेलं पाणी. बाळ आधी टाहो फोडायचं, मग मध्येच रडायचं विसरून त्यांच्या बांगड्यांकडे बघत बसायचं. शेवटी ओव्याची धुरी आणि दुपट्यात घट्ट बांधलेलं गाठोडं. पैसे त्या घेत नसत. खण-नारळ मात्र हक्काने घेत, आणि कुणी विसरलं तर आठवणही करून देत.

अशा या बाईंना आषाढातल्या एका संध्याकाळी मुलाने फोनवर सांगितलं, “आई, तुझा अर्ज भरायला बसलोय. तिकडचा पत्ता विचारलाय, तो माझाच टाकतो. टेक्सास.”

“आत्ताच टाकायला पाहिजे का रे?”

“मग कधी? ग्रीन कार्ड टपालाने त्याच पत्त्यावर येतं. का, काय झालं?”

“काही नाही. गॅसवर दूध आहे,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं.

अमित गेली कित्येक वर्षं डॅलसजवळ राहतो. वडील, सोमनाथराव, गेले आणि आई घरात एकटी राहिली, तेव्हा तो तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाला होता, “आईला मी घेऊन जाणार.” तिकडचं नागरिकत्व मिळताच त्याने कागद सुरू केले. आईच्या पोटापाण्याची हमीसुद्धा त्यानेच सरकारला लिहून दिली. उज्वलाताईंनी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

मग ज्येष्ठात पल्लवीचा फोन आला. पल्लवी म्हणजे धाकटी लेक, मिनेसोटात असते; तिला ईशा नावाची एक मुलगी. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, दिनेशचा, व्हिसा नोकरीवरचा; तिला आईचे कागद करता येत नाहीत. ती म्हणाली, “आई, ईशाला भावंड येणारे,” आणि हसता हसता एकदम रडायला लागली. “मला काही नको बघ. फक्त या वेळी तू ये. इकडेच राहा माझ्याजवळ. बाळाला तुझ्या पायांवर न्हायला मिळू दे.”

आता इथे बाईंची चूक झाली. त्यांच्या लेखी पोटुशी बाई जे मागते तो डोहाळा. डोहाळा मोडला तर बाळाचा कान फुटतो, हे त्यांना त्यांच्या आईने सांगितलेलं, आणि त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक सासूला दटावून सांगितलेलं. मागितलं तर हो म्हणायचं, पुढचं पुढे बघायचं. कैरी मागितली तर कैरी, भेळ मागितली तर भेळ. पल्लवीने आई मागितली.

“येते गं राणी,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडेच राहते.”

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण एकाच जन्मात दोन राज्यांत राहायचं कबूल केलंय.

शेजारच्या वत्सलाबाईंना हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. वत्सलाबाई मूळच्या चांदवडच्या. नवऱ्याच्या नोकरीने त्यांना नाशिक रोडला आणलं, पण जीभ चांदवडलाच राहिली. दोघी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

“त्या टेक्सासात काय हाय?” वत्सलाबाईंनी चौकशी सुरू केली.

“ऊन. आपल्या मे महिन्यासारखं. बेसन-पोहे सगळं कोपऱ्यावर मिळतं, फक्त तो कोपरा गाडीने गाठावा लागतो.”

“आन् दुसऱ्यात?”

“बर्फ. केस ओले ठेवून बाहेर गेलं तर कडक होतात, पल्लवी सांगत होती.”

“मंग झालं की! ह्यात काय इचार करायचा? हाडं शेकत बस टेक्सासात.”

“राज्य कुठे निवडायचंय हो मला? मला पोर निवडायचंय.”

“मंग आसं सरळ म्हन ना बाई.” वत्सलाबाईंनी टरफलं फुंकली. “त्यातबी काय हाय? पोरानं कागद केले, पोरानं हमी दिली, आन् तू बोचकं घेऊन जावयाच्या दारात जाशील? लोक काय म्हन्तील?”

“पल्लवीचंही घर आहे ते. हप्ता दोघं भरतात.”

“नावाला गं. उद्या दोघांचं वाजलं, तर तू कुनाकडनं बोलशील?”

“मी कानात कापूस घालून बसेन.”

“कापूस घालून बसायला येवढ्या लांब कशाला जाती? हितं बस की!”

उज्वलाताई हसल्या, पण दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत टाकायला लागल्या. टेक्सासातले दिवस कसे गेले, ते मात्र त्यांनी वत्सलाबाईंनाही सांगितलं नव्हतं.

टेक्सास त्यांनी पाहिलेलं होतं. नातवाच्या, राजच्या जन्माच्या वेळी त्या सहा महिने राहून आल्या होत्या. कुणी वाईट वागलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. सून तृप्ती लाखात एक. पहिल्या आठवड्यात उज्वलाताई तेलाची वाटी कोमट करून तयार, तर तृप्ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “आई, डॉक्टर तेल नको म्हणालेत. आणि पायांवर नको, टबमध्येच घालू या. तुम्ही बसा ना.” भाजी चिरायला घेतली तर, “बसा ना आई, चिरलेली आणलीय.” कपडे घड्या करायला घेतले तर, “बसा ना.” सहा महिने उज्वलाताई बसल्या. सगळे कामावर गेले की त्या मोठ्या थंडगार घरात फ्रीजचा आवाज ऐकत बसायच्या. संध्याकाळी अमित विचारायचा, “कंटाळली नाहीस ना?” आणि त्या म्हणायच्या, “छे रे, मजेत.”

त्यानंतर दोन वर्षांनी पल्लवीची पहिली वेळ आली, तेव्हा सोमनाथराव अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. जाणं शक्य नव्हतं. ईशाची पहिली आंघोळ उज्वलाताईंनी फोनवरून सांगितली. पल्लवीने फोन बेसिनवर टेकवला होता. “डोक्याखाली हात धर… अगं डाव्या हाताने… पाणी नाकात जाईल!” बाळ किंचाळत होतं, पल्लवी रडत होती, “आई, मला नाही जमत गं,” आणि तेवढ्यात फोन घसरून पाण्यात पडला. नाशिकमध्ये उज्वलाताई काळ्या पडद्याला “हॅलो, हॅलो” करत राहिल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीत कुणाचं तरी बाळ न्हाऊ घालायला गेल्या, तेव्हा त्यांनी तीन-तीनदा कोपर बुडवून पाणी पाहिलं.

आता यातलं काय खरं, हेच त्यांना कळेना. पल्लवीला गरज आहे म्हणून तिकडे ओढ आहे, की आपल्याला टेक्सासात पुन्हा बसायचं नाही म्हणून पल्लवीचं बाळंतपण पुढे करतोय? ज्या मुलाने एवढं केलं, त्याच्याशी ही लबाडीच. देवापुढे दिवा लावतानासुद्धा त्यांना देवीच्या डोळ्यांकडे बघवेना.

शेवटी त्यांनी ठरवलं, रीत सोडायची नाही. कागद पोराने केले, आपण पोराकडेच जायचं. पल्लवीला समजावून सांगायचं. कानाचं काय ते बघता येईल. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला.

“पल्लवी, मी काय म्हणते…”

“थांब थांब, आधी हे बघ!” पल्लवीने फोन फिरवला. न्हाणीघरात जावई बसला होता, एका ठेंगण्या लाकडी पाटावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय लांब पसरून. ईशा त्याच्या पायांवर पालथी पडून खिदळत होती.

“आई, बघा बरं, उंची ठीक आहे का?” दिनेश म्हणाला. “मीच केलाय. खाली रबर लावलंय, सरकणार नाही.”

“पाणी निथळायला फटी ठेवल्यात ना?” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“ठेवल्यात की!”

“मग… मग छान आहे.”

पल्लवी फोन घेऊन दुसऱ्या खोलीत आली. “तू काहीतरी म्हणत होतीस.”

“काही नाही गं.”

“दादाला सांगितलंस ना, इकडे राहणार म्हणून?”

“सांगते.”

“सांगते? म्हणजे अजून…” पल्लवीने फोन चेहऱ्याजवळ आणला. “आई, तू त्यालाही हो म्हणाली आहेस.”

उज्वलाताईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

“मागच्या वेळी पण तू हेच केलंस,” पल्लवी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “बाबा आजारी होते, मला दिसत होतं. पण तू ‘बघू, येते, बाबांना जरा बरं वाटू दे’ असं म्हणत राहिलीस. आठवा महिना लागला तरी मी लोकांना सांगत होते, आई येणारे. मी दिनेशच्या आईला नको म्हटलं होतं, तुला माहितीये?”

“नाही गं. हे नव्हतं माहीत.”

“मला नाही म्हण ना. मी रडेन, दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेन. पण आत्ता म्हण. आणि दादालाही एकदाच काय ते खरं सांग. त्याने तुझी वाट बघत बसायची आणि मीही बसायचं, असं नको करूस.”

“पोटात बाळ असताना नाही म्हणू नये.”

“आई!” पल्लवी रडता रडता हसली. “कान फुटला तर डॉक्टर आहेत इकडे.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, अमितचा फोन आला. उज्वलाताई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. नेहमी टेकून बसणाऱ्या बाई आज ताठ होत्या.

“आई, पत्ता टाकून अर्ज पाठवतो आज.”

“थांब. अमित, मी पल्लवीकडे जाणारे.”

“हो मग! बाळंतपणाला जायलाच पाहिजे. तिकीट मी काढतो. दोन-तीन महिने राहा, मग ये इकडे. पत्ता आपलाच राहू दे.”

सुटकेचं दार असं स्वतःहून उघडलं. नुसतं ‘बरं’ म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते, निदान थंडी सरेपर्यंत. ‘बरं’ ओठांवर आलंच होतं. उज्वलाताईंनी ते गिळलं.

“तसं नाही रे. राहायलाच जाणारे. तिकडेच.”

“तृप्ती काही बोलली का तुला?”

“नाही. ती कधीच काही बोलली नाही.”

“मग काय झालं?”

“तुमच्याकडे मी नुसती बसते, अमित. तुम्ही मायेनेच बसवता. पण मला नाही बसवत.”

“हे तू तेव्हा का नाही सांगितलंस? मी रोज विचारायचो तुला!”

“तू दमून यायचास.”

“घर बघताना मी आधी खालची खोली बघितली, आई. तुला जिना नको म्हणून. हमी मी दिलीये. सही माझी आहे.” मग तो एकदम वरमला. “ते नव्हतं म्हणायचं मला.”

“म्हण. खरंच आहे ते.”

“मग मला हो कशाला म्हणालीस?”

“तू बाबांच्या तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणालास. तुझा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. चुकले मी. पल्लवीच्या बाबतीतही चुकले. तिचं बाळ हे कारण आहेच, पण तेवढंच नाहीये, म्हणून तेवढंच सांगून मोकळी नाही होत. तुला वाईट वाटणार. वाटू दे. पण फसवायचं नाही आता.”

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“पल्लवीचा पत्ता सांग.”

“तुझ्याकडे आहे की रे. दर वर्षी राखीचं पाकीट तिथूनच येतं.”

“तू सांग.”

मेतकूट आणि भाजणीची पार्सलं पाठवून त्यांना तो पत्ता पाठ होता. त्या एकेक शब्द सांगत गेल्या. घराचा नंबर, मेपल लेन, गावाचं नाव. पलीकडे बटणं वाजत होती.

“पुढे?”

“पुढे झालं.”

“राज्य राहिलं, आई.”

“मिनेसोटा.”

“नीट ऐकू नाही आलं.”

त्याला स्वच्छ ऐकू गेलं होतं, हे उज्वलाताईंना कळलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने. बटणं वाजली आणि थांबली.

“टाकलं,” अमित म्हणाला.

“चहा झाला का रे तुझा?”

“नाही अजून.”

“घे मग.”

“घेतो.”

आणि दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.