कोरड्या चियाची फक्की

"बिया सगळ्या खाली ढकलल्या. पण त्या तिथेच का अडकल्या, ते पाहायला हवं," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. एक गुलाबी नळी दिसत होती आणि तिच्या तळाशी, छोले करतो तो चणा जेमतेम जाईल एवढीच वाट. "काकांची अन्ननलिका इथे अरुंद झाली आहे. ह्याला स्ट्रिक्चर म्हणतात. तिथला छोटा तुकडा घेतलाय, बायॉप्सीला पाठवतोय. रिपोर्ट आठवड्याने येईल."

स्ट्रिक्चर म्हणजे नळी आतून आवळली जाणं. बायॉप्सी म्हणजे तो तुकडा तपासून त्यात कॅन्सर आहे का ते बघणं. हे दुसरं त्या बोलल्या नाहीत, पण मला ठाऊक होतं. तिथल्या स्टुलावर मी न विचारताच बसले.

हे सगळं एका नाश्त्यावरून सुरू झालं, म्हणून तो नाश्ता आधी सांगते.

आम्ही कोकणातल्या बोर्ली पंचतनजवळचे. मी शाळेत शिक्षिका, यजमानांची नारळ-सुपारीची वाडी. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं, म्हणून इथेही भाऊच लिहिते. नवऱ्याला भाऊ म्हणते म्हणून हसू नका, घरात मी 'अहो'च म्हणते. गेल्या वर्षी भाऊंची साखर मधुमेहाच्या काठावर आली. पुण्याच्या माझ्या भाचीने सकाळचे पोहे बंद करायला सांगितले आणि चिया पुडिंग शिकवलं.

काम सोपं. वाटीभर दुधात तीन चमचे चिया घालायचं, लगेच ढवळायचं, दहा मिनिटांनी पुन्हा ढवळायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मग झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी वरून आंब्याच्या फोडी, केळं, चिकू. मी निम्मं दूध नारळाचं घालते, वाडीतलाच नारळ असतो. पहिल्या दिवशी भाऊंनी वाटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, ही तर बेडकाची अंडी!" पण आंब्यामुळे खाल्लं, आणि मग सवय लागली.

मे महिन्याच्या सुट्टीत मी दोन दिवस तळा गावी माझ्या भावाकडे गेले. निघताना तीनदा बजावलं, "रात्री जेवल्यावर दुधात भिजत घाला, सकाळी खा." भाऊ विसरले. सकाळी बरणीत कोरडं चिया तसंच होतं. आता ह्या माणसाची तीस वर्षांची सवय अशी, की औषधी म्हणून जे काही असेल त्याची फक्की मारायची. मेथीची पूड असो की ओवा, तळहातावर घ्यायचा, मान मागे टाकून तोंडात सोडायचा आणि वर पाणी. चियाचंही त्यांनी तेच केलं. पोटात जाऊन भिजेल की, असा हिशेब.

साडेसातला फोन आला. "अगं, छातीत काहीतरी अडकलंय." आवाज जड होता, मध्येच थुंकल्याचा आवाज. मी विचारलं, "भिजवलं होतंत ना?" ते पुन्हा थुंकले. मग म्हणाले, "फक्की मारली."

मी काय सांगावं? "घाबरू नका, घोटघोट गरम पाणी प्या, उतरेल." आमच्याकडे मासळीचा काटा अडकला तर भाताचा गोळा गिळायला सांगतात, घास लागला तर पाणी देतात. त्यांनी माझं ऐकून पेलाभर पाणी प्यायलं. ते सगळं नाकातोंडातून परत आलं. कोरड्या चियाला पाणी मिळालं की ते कितीतरी पटींनी फुगतं. हे मला रोज वाटीत दिसत होतं, आणि तरी मीच त्यांना पाणी प्यायला सांगितलं. ही टोचणी अजून गेलेली नाही.

शेजारच्या हसनभाईंनी त्यांना आपल्या गाडीत घातलं. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी पाहून लगेच सांगितलं, पनवेलला न्या, इथे एंडोस्कोपी होणार नाही. मी तळ्याहून मुंबई-गोवा रस्त्यावरच्या इंदापूरच्या नाक्यावर येऊन उभी राहिले. हसनभाई वाटेतून फोन करत होते. "बाई, भाऊ शुद्धीत हायत. बोलतायत. पन थुंकी न्हाय गिळवत त्यांना."

मी गाडीत बसले तेव्हा भाऊ मांडीवर पातेलं घेऊन बसले होते. स्वतःची लाळसुद्धा खाली जात नव्हती, ती त्यात थुंकत होते. मला पाहून हसायचा प्रयत्न केला आणि ठसका लागला. कोलाड गेलं, नागोठणं गेलं, मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून फक्त श्वास मोजत होते. श्वास थांबला तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. एवढी भीती मला माझ्या बाळंतपणातही वाटली नव्हती.

एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी पोटापर्यंत घालून बघणं. त्याआधी फॉर्मवर सही करायची होती. त्यात 'अन्ननलिकेला छिद्र पडण्याची शक्यता' असं लिहिलं होतं. सही करताना माझं आडनावच मला आठवेना. डॉक्टरीणबाईंनी भाऊंना विचारलं, "काका, ह्याआधी कधी घास अडकायचा का?" मीच मध्ये पडून "छे, कधीच नाही" म्हणाले. भाऊंनी हळूच एक बोट वर केलं. "एक वर्ष."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मला एकेक आठवायला लागलं. वर्षभर हे प्रत्येक घासाला पाणी पीत होते. भाकरी आमटीत कुस्करून खायचे. जेवण व्हायला तासभर लागायचा. आणि मी काय करत होते? चिडवत होते. "नव्या नवरीसारखं काय चघळत बसलात? पाण्यानेच पोट भरा आता!" लक्षणं रोज ताटासमोर बसत होती आणि मी त्यांची थट्टा करत होते. पाऊण तासाने दार उघडलं, आणि मग तो स्क्रीन.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. पेज, ताक, आमटीचं नुसतं पाणी, एवढंच द्यायचं होतं. चियाची बरणी मी धान्याच्या डब्यांमागे सरकवून ठेवली. फेकायचीच होती, पण तिला हात लावायचं धाडस झालं नाही.

त्या आठवड्याबद्दल फार लिहवत नाही. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. चौथ्या दिवशी भाऊ मला वाडीत घेऊन गेले. पंपाची चावी कुठे टांगतात, पाटाचं पाणी कोणत्या ओळीला आधी सोडायचं, सुपारी उतरवायला कोणाला बोलवायचं, सगळं दाखवायला लागले. मी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग भडकले. "मला काहीएक दाखवू नका! तुमची वाडी तुम्ही बघा!" चावी मात्र त्यांनी माझ्या हातात ठेवलीच. घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडून घेतलं.

आठव्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. "काकू, कॅन्सर नाही. जुन्या आम्लपित्ताने आतून व्रण पडून नळी आवळली आहे. फुग्याने रुंद करू. औषध मात्र नेमाने घ्यायचं." मी "बरं" म्हणाले आणि मला असा हुंदका आला की पुढे शब्दच फुटेना. भाऊ ओटीवर उभे होते. माझा चेहरा पाहून त्यांनी खांब धरला आणि हळूहळू खाली बसले. त्यांचा समज उलटाच झाला होता. मी धावत गेले. "नाही हो, नाही! नाहीये तो!" त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटली.

मग दोनदा डायलेटेशन झालं, म्हणजे एंडोस्कोपीतूनच आत फुगा नेऊन फुगवायचा आणि अरुंद जागा ताणायची. दोन्ही वेळा तो फॉर्म, ते छिद्राचं वाक्य, तोच बाक. भीती सरावाने कमी होते म्हणतात, माझी काही झाली नाही.

तुमच्या घरात कुणी घासागणिक पाणी पीत असेल, एकाएकी भाकरी कुस्करायला लागलं असेल, तर थट्टा करू नका, डॉक्टरकडे न्या. चिया कधीच कोरडं खाऊ नका आणि फक्की तर नाहीच. आणि छातीत असं काही अडकलं तर वरून पाणी ओतू नका, गाडी काढा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या दिवशी बिया अडकल्या म्हणून ही जागा वेळेत सापडली. त्यांचं म्हणणं खरं असेल. मला अजून त्या बियांचे आभार मानता येत नाहीत. हसनभाईंचे मात्र रोज मानते.

दुसऱ्या फुग्यानंतर "मऊ आणि पूर्ण भिजलेलं सगळं चालेल" अशी परवानगी मिळाली. त्या संध्याकाळी भाऊ म्हणाले, "ती बेडकाची अंडी कर ना." मी नको म्हणाले. ते म्हणाले, "किती दिवस त्या बरणीला भिणारेस?"

डब्यांमागून बरणी काढली. दुधात चिया घातलं, ढवळलं, दहा मिनिटांनी ढवळलं, निजताना उगाच पुन्हा ढवळलं. सकाळी चिमटीत बिया दाबून पाहिल्या, एकही कोरडी नव्हती. फ्रीजरमधला आंब्याचा रस वर घातला, केळं अगदी बारीक चिरलं. बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि शेजारी सवयीने पाण्याचा पेला काठोकाठ भरून ठेवला.

मी समोर बसून त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. एक चमचा गेला. दुसरा गेला. "अशी काय बघतेस? भुतासारखी!" म्हणत त्यांनी बशी खरवडून संपवली आणि वाडीत निघून गेले.

मी खरकटं उचलायला वाकले. पेला काठोकाठ भरलेला तसाच होता.