दिवसाचा पत्ता

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई निपाणीला विडीच्या कारखान्यात विड्या वळायची, आणि मी आज बंगळुरात विषाणूंच्या वंशावळी मांडते. हे सांगताना मान ताठ होते. का होऊ नये?

काम सोपं करून सांगते. रुग्णाच्या रक्तातल्या डेंग्यूच्या विषाणूची जनुकीय अक्षरं यंत्र वाचतं. विषाणू पसरताना त्या अक्षरांत बारीक चुका होत जातात. कुणाच्या चुका कुणाशी जुळतात हे पाहून आमचा प्रोग्राम एक झाड काढतो. फांद्या जवळजवळ आल्या, की लागण एकाच ठिकाणची असावी असा संशय.

त्या शनिवारी मी जयनगरच्या खोलीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. गावाहून आलेली आई शेजारी गवार मोडत होती. झाडावर तीन विषाणू सख्ख्या भावंडांसारखे चिकटलेले, पण रुग्णांचे पत्ते बंगळुराच्या तीन टोकांना: जयनगर, होसकोटे, देवनहळ्ळी. होसकोट्याची बाई तर दवाखान्यात होती. फवारणीची टोळी एकच मोकळी होती. ती कुठं पाठवायची, ते मी दुपारपर्यंत सांगायचं होतं. चुकलं, तर डास जागच्या जागी राहणार आणि आणखी माणसं अंथरूण धरणार.

"नमुन्यांची अदलाबदल झालीय बहुतेक," मी पुटपुटले.

"काय झालं गं?"

मी सगळं सांगितलं. तिनं गवार खाली ठेवली.

"पत्ते कशाचे हायत?"

"घरांचे."

"घरात माणूस झोपायला जातंय. दिवसभर कुठं असत्यात ही?"

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेत. पण फॉर्मवर रकाना घराचा, म्हणून माझं डोकंही घरापाशीच अडकलं होतं.

नमुने पाठवणाऱ्या आरोग्यसेविकेला फोन लावला. "अक्का, ती तिघं कामाला कुठं जातात, विचारता का?"

"स्वल्प थांब, जरा विचारून सांगते."

अर्ध्या तासानं तिचाच फोन. "देवनहळ्ळीला एका लेआउटमध्ये, नव्या वसाहतीचं, बांधकाम चाललंय, तिघंही तिथंच. एक रंगारी, एक फरशीवाला, आणि ही बाई मजुरांचा स्वयंपाक करते. कंप्युटरनं शोधलं होय गं?"

"अर्धं कंप्युटरनं. अर्धं आमच्या आईनं."

टोळी तिकडं गेली. पाण्याची पिंपं उघडी होती, आत अळ्या वळवळत होत्या. संध्याकाळी अक्कानं फोटो पाठवला. मी मोठ्या ऐटीत आईसमोर धरला.

"एवढं शिकलीस, आन् हे मला विचारायला लागलं व्हय?" तिनं फोटो बघून फोन परत दिला. "ती बाई कशी हाय आता?"

ते मी विचारलंच नव्हतं. पुन्हा फोन लावला.

"ताप उतरलाय," अक्का म्हणाली. "उठून बसली, वाटीभर पेज प्यायली. मीठ कमी आहे म्हणून नर्सला बोलली पण."

"मग बरी हाय," आई म्हणाली, आणि गवार फोडणीला टाकायला उठली.