देतील

"देतील," असं म्हणून काका हनुवटी वर करायचे. सुपरमार्केटवाले आज तांदूळ आणून देतील का? "देतील." लस? "देतील, बाय." असा आशावादी शेजारी तुम्हालाही भेटला असेल. निदान मला तरी ते आशावादी वाटायचे.

युट्रेख्टच्या आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घर, आणि पलीकडे अलिबागकडचं मराठी बोलणारे हे सत्तरीचे ज्यू गृहस्थ. पहिल्या लाटेत आम्ही दोघं नवराबायको तापानं फणफणलो, तेव्हा रोज दारात पेज ठेवून, बेल वाजवून ते पळायचे. पळायचे म्हणजे काठी टेकत चार पावलं मागे जायचे.

बरी झाल्यावर मी कुंपणावरून त्या 'देतील'बद्दल विचारलं.

"आमच्या पुस्तकात कईला नावाचं गाव आहे. लुटारू खळ्यावरचं धान्य न्यायचे. दावीद नावाच्या योद्ध्यानं लढून गाव वाचवलं. पुढे राजा त्याच्या जिवावर उठला. त्यानं देवाला विचारलं, हे लोक मला राजाच्या हाती देतील का? देव म्हणाला, देतील."

"मग दिलं?"

"तो आधीच निघून गेला. गावाची अब्रू राहिली."

"असली कसली माणसं," मी म्हणाले. काका हसले.

हिवाळ्यात काकांच्या बायकोचं, काकूंचं वर्षश्राद्ध आलं. त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि नियम होता एका घरी एकच पाहुणा. काकांनी माझ्याकडून चार खुर्च्या नेल्या. "तुलाच सांगतो," म्हणाले. मी म्हटलं, निर्धास्त राहा.

प्रार्थना सुरू झाली आणि नगरपालिकेचा माणूस आधी माझ्या दारात आला. शेजारी किती जण आहेत? आमचा इथे राहण्याचा परवाना नूतनीकरणाला गेला होता. मी सरळ आकडाच सांगून टाकला. नऊ पाहुणे. खुर्च्यांचं मात्र बोलले नाही. मी दगा दिला, याला दुसरा शब्द नाही.

एकेक जण सायकल काढून निघून गेला. काकूंची प्रार्थना अर्धीच राहिली.

दुसऱ्या दिवशी काका खुर्च्या पुसून घेऊन आले. मी रडत परवान्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"दावीदानं निदान विचारलं होतं," ते म्हणाले. "तुझ्याबद्दल मी विचारलंच नाही, बाय."

महिन्याभरात ते मुलीकडे मास्ट्रिख्टला गेले. त्या खुर्च्या अजून आमच्याकडे आहेत. पाहुणे "तूही बस ना" म्हणतात, आणि मी काहीतरी काम काढून उभीच राहते.