आत्यांच्या जिभेला पटेल असा केक

पंचवीस वर्षं मी आरोग्यसेविका आहे. पू, ओकारी, बाळंतिणीच्या खोलीतला वास, यांतल्या कशानेही मला हातातला घास खाली ठेवावा लागत नाही. केकवरच्या पांढऱ्या क्रीमने मात्र ठेवावा लागतो. ते टाळूला चिकटतं, गरम पाणी प्यायलं तरी सुटत नाही. मेणबत्तीचं मेण साखर घालून घोटावं तसं लागतं. तरीही गेल्या हिवाळ्यात मी जवळजवळ दोन महिने दर रविवारी केक केला. तोही चांगला व्हावा म्हणून नाही, बेकरीतल्या त्याच चिकट केकसारखा व्हावा म्हणून.

सुरुवात चौकात झाली. नेकनूरपासून थोडं आत आमचं गाव. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. आता वाढदिवस म्हटला की टेबलांची रांग लागते, त्यावर वीसेक केक, मागे फ्लेक्स आणि कानठळ्या बसवणारा डीजे. साहेबांनी एक घास खायचा आणि उरलेला केक एकमेकांच्या तोंडाला फासायचा, अशी पद्धत पडली आहे. नाकात, कानात, केसांत. वरून फेसाचे फवारे. त्या संध्याकाळी डोळे लाल झालेले दोन तगडे कार्यकर्ते माझ्या उपकेंद्रात आले. मी त्यांचे डोळे सलाईनने धुतले तर पापण्यांच्या मुळाशी गुलाबी लोणी निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या डांबरावर क्रीम पिवळं पडून पसरलं होतं, त्यावर माश्या बसलेल्या. एक कुत्रं ते चाटता चाटता तिथंच ओकलं आणि ओकलेलं पुन्हा खाऊ लागलं. मी गाडी वळवली आणि लांबच्या रस्त्याने कामावर गेले.

हे सगळं एक दिवसाचं म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या स्टेजवर माझ्या सासूबाई होत्या.

मी त्यांना आत्या म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर. माझ्या चुलत दिराचा मुलगा साहेबांच्या मागे फिरतो, त्यानेच त्यांना हाताला धरून वर नेलं. गावातल्या सगळ्यात वयस्कर बाईचा आशीर्वाद घेताना साहेबांचा फोटो हवा होता. साहेबांनी त्यांना केक भरवला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला.

आत्या माळकरी आहेत. चाळीस वर्षांपासून त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मांस, मासे, अंडं वर्ज्य. त्यांच्यामुळे आमच्या घरात मटण कधी शिजत नाही. परसात पत्र्याचं शेड आहे, तिथं वेगळी चूल आणि वेगळी भांडी आहेत. ज्याला खायचं त्याने तिथं शिजवायचं, तिथंच खायचं आणि हात धुऊन, चूळ भरून घरात यायचं.

दुसऱ्या दिवशी त्या मारुतीच्या देवळात हरिपाठाला गेल्या, तर शेजारी बसणारी बाई म्हणाली, "अक्का, तुमी काल केक खाल्लात म्हनं. त्याच्यात अंडं असतंय की."

आत्या पाठ अर्धा सोडून घरी आल्या. माळ काढली, देवघरात ताम्हनात ठेवली आणि कोपऱ्यात बसल्या. रात्री जेवल्या नाहीत.

मी पुतण्याला बोलावून घेतलं. तो चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

"काकू, आज्जीला सांगा की, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. तुकडाच तर खाल्लाय."

"केक कुठून आणले होते?"

"बीडहून."

"अंडं होतं का त्यात?"

"मी काय कोंबडीला इचारायला गेलतो का?"

त्याच्याकडून बेकरीचा नंबर घेतला आणि फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. म्हणाला, "ताई, तुम्हाला कसा पाहिजे होता?"

"कसा पाहिजे होता हे नाही, कसा होता ते विचारतेय."

"त्या दिवशी लई केक गेले तुमच्याकडं. काही एगलेस, काही साधे. बॉक्सवर लिहिलेलं असतंय बघा."

बॉक्स चौकात त्याच रात्री पेटवून दिले होते. मी फोन ठेवला. या माणसाच्या हातचं आपण कधीकाळी खाल्लं असेल, या विचाराने मला जाऊन चूळ भरावीशी वाटली, आणि मी भरलीही.

माळेचा नियम असा, की व्रत मोडलं तर महाराजांकडे जायचं, चूक कबूल करायची, ते पुन्हा माळ घालतात. मी आत्यांना म्हटलं, उद्याच जाऊ, मी रजा टाकते. तर त्या म्हणाल्या, "चुकले आसले तर कबूल करीन. पन चुकलेच न्हाई तर? महाराजाम्होरं बसून देवाला खोटं सांगू व्हय?"

चूक झाली असेल तर माळ घालता येत नाही, झाली नसेल तर कबुली देता येत नाही. आठ दिवस त्या हरिपाठाला गेल्या नाहीत. संध्याकाळी टाळ ऐकू आले की उठून आतल्या खोलीत जायच्या. चाळीस वर्षांत ही बाई तापात पडली तरच पाठ चुकवायची.

नवव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "अंड्याबिगर केक फुगतो का?"

"फुगतो म्हणतात."

"मंग तू कर. ती चव माझ्या ध्यानात हाय. तसाच लागला तर त्याच्यात बी अंडं नव्हतं. येगळा लागला तर व्हतं."

"आत्या, असं सिद्ध होत नसतं."

"मंग कसं व्हतं, सांग."

मी वही काढली. लसीकरणाच्या यादीसारखी यादी केली: काय हवं, कुठं मिळेल, किती वेळ, कोणत्या भांड्यात. तोवर मी घरात कधी बिस्किटसुद्धा भाजलं नव्हतं. ओव्हन नाही, म्हणून कुकर. घरातला मोठा कुकर शेडमधला, म्हणजे मटणाचा. नवऱ्याने तो चिंचेने आणि राखेने घासून लखलखीत केला आणि मला आणून दाखवला. मी झाकण नाकाशी धरलं. शिट्टीच्या भोकात जुन्या चरबीचा वास तसाच होता. मी नवा कुकर आणला.

पहिल्या रविवारी सवयीने कुकरमध्ये पाणी घातलं. वीस मिनिटांनी जे निघालं ते ओलं, पांढरं आणि बोट लावलं तर थरथरणारं होतं. नवरा म्हणाला, "वरून फोडणी घाल, कोथिंबीर टाक." आत्यांनी एक चिमूट खाल्ली. "हा ढोकळा हाय," म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

दुसऱ्या रविवारी पाणी नाही, तळाला मिठाचा थर. हे बरोबर होतं. पण लोण्याऐवजी तेल घालायचं असं वाचलं आणि मी घरातलं करडईचं घाण्याचं तेल घातलं. ते तेल मुगाच्या खिचडीवर घ्यावं, लसणाच्या चटणीत घालावं. साखर आणि व्हॅनिलाबरोबर त्याला जो वास आला तो उन्हात ठेवलेल्या जुन्या पेंडीचा होता. सगळ्या घराला तो वास दोन दिवस येत होता. उशीलासुद्धा. तो केक म्हशीपुढे ठेवला, तिने हुंगून तोंड फिरवलं.

तिसऱ्याने मात्र घरात भांडण लावलं. केक चांगला फुगला होता. झाकण काढून पाहते तर आत गडद पिवळा. आत्या ताटाजवळ आल्या आणि थांबल्या.

"पिवळा कावून?"

"माहीत नाही."

"अंड्याचा बलक पिवळा आसतोय."

"आत्या, मी अंडं घातलं नाही."

"मग पिवळा कावून?"

त्यांनी हात लावला नाही. माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, तसं गेल्या सव्वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. सून आपल्याला फसवतेय असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. माझा पारा चढला. मी एक मोठा तुकडा तोडला आणि त्यांच्यासमोर तोंडात घातला. कपड्याच्या साबणाची वडी चावली असती तर तसंच लागलं असतं. जिभेला चुणचुण सुटली, घशात खार उतरला, तोंडातला लगदा गिळताही येईना आणि आत्यांसमोर थुंकताही येईना. मी गिळला. मग मागे जाऊन सगळं काढलं.

तोंड धुता धुता माझ्या लक्षात आलं. आधीचे दोन केक बेकिंग पावडरच्या पुडीवर केले होते, या वेळी पहिल्यांदाच बरणीतला सोडा घेतला होता. फळीवर दोन सारख्या बरण्या आहेत. एकीत खायचा सोडा, दुसरीत उन्हाळ्यातल्या पापडांचा उरलेला पापडखार. चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या. दिवाळीच्या सफाईत बरण्या पुसून ठेवल्या तेव्हा मीच त्या उलटसुलट लावल्या. खार पडला की पीठ पिवळं पडतं, हे मी दर उन्हाळ्यात पापडाच्या लाट्यांत पाहते. मी दोन्ही बरण्या आत्यांपुढे नेऊन ठेवल्या. त्यांनी एकीत बोट बुडवून चाटलं, मग दुसरीत.

"खारच हाय," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "तुला ओकायला लावलं मी."

चौथा केक दह्याचा. सोडा योग्य बरणीतला, तेल सूर्यफुलाचं. मऊ झाला. मला तोही खावासा वाटला नाही, पण त्यात वाईट काही नव्हतं. आत्यांनी चव घेऊन मान हलवली. "वर पांढरं व्हतं. आन् अननसाचा वास."

म्हणजे क्रीम. ज्याला मी हात लावत नाही ते आता मला स्वतः फेटायचं होतं. बीडहून थर्मोकोलच्या डब्यात बर्फासकट आणलं. खोक्यावरचं वाचलं, तर दुधाचा थेंब नाही. पाम तेल, साखर, पाणी आणि पुढे चार ओळींची नावं, त्यांतली निम्मी औषधांच्या वेष्टनावर असतात तशी. फेटायला लागले आणि वीज गेली. दोन तासांनी आली तोवर भांड्यात वर पांढरट पाणी आणि खाली गोळे जमले होते, फाटलेल्या दुधासारखे पण त्याहून गुळगुळीत. ते मोरीत ओतलं. संध्याकाळपर्यंत मोरी तुंबली. नवऱ्याने तार घालून जे बाहेर काढलं त्यात केस, भाताची शितं आणि ते पांढरं.

पाचवा आणि सहावा केक नुसत्या क्रीमच्या खटपटीत गेले. सातव्या रविवारी सगळं जमलं. अननसाचं इसेन्स घातलं, त्याला फिनेलचा भाऊ म्हणावं असा वास होता. वर क्रीम, त्यावर लाल चेरी, जी चेरी नसून पाकात रंगवलेलं करवंद असते. चौकातल्या टेबलावर ठेवला असता तर कुणाला ओळखू आला नसता. सात आठवडे राबून मी एक खरोखर घाणेरडी गोष्ट उत्तम करायला शिकले होते.

आत्या अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून पाटावर बसल्या. मी तुकडा दिला. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं, त्यांनी हो म्हटलं की लगेच ताम्हनातली माळ आणून हातात द्यायची. फार विचार करू द्यायचा नाही. खरं काय होतं ते त्या बेकरीवाल्यालाही ठाऊक नव्हतं, मग आत्यांनी तरी कशाला जीव जाळायचा?

त्यांनी सावकाश खाल्लं. पाणी प्यायल्या. पुन्हा एक घास घेतला आणि डोळे मिटून चघळला.

"तसाच आहे ना?" मी विचारलं.

"पांढरं तसंच हाय. अननस बी तसाच." त्यांनी तोंड पुसलं. "पन त्याला खालून एक वास व्हता. ह्याला न्हाई."

"कसला वास?"

"आपल्या शेडात तुमी पोळी भाजता अंड्याची, तवा आंगणात येतो तसला. लई बारीक व्हता. माझ्या ध्यानात तवाच आलतं." त्यांनी ताट बाजूला सारलं. "अंडंच व्हतं ते. चल, महाराजाला फोन लाव."

मी माळ आणायला अर्धी उठले होते, ती तशीच बसले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांच्या तोंडावर त्या दोन महिन्यांत नव्हती ती शांतता होती.

महाराजांचं गाव अंबाजोगाईच्या रस्त्याला. दोन दिवसांनी मी रजा टाकून त्यांना घेऊन गेले. महाराज साधे, शेतकरी माणूस, गोठ्यातून हात धुऊन आले. आत्यांनी त्यांच्यापुढे माळ ठेवली आणि कुणी भरवलं, कुठं भरवलं ते सगळं सांगितलं. महाराज म्हणाले, "माय, तुम्हाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यानं तोंडात घातलं. त्यात तुमचा काय दोष? एकच घास ना?"

"दोन," आत्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"एक त्यांनी भरवला. वास आलता मला. तरी ग्वाड लागलं म्हनून दुसरा मी मागून घेतला. त्याचं काय ते सांगा."

महाराज म्हणाले, "अकरा दिवस एकवेळ जेवा आणि हरिपाठ चुकवू नका." आणि त्यांनी माळ घातली. आत्यांनी वाकून नमस्कार केला, गुडघे धरून उठल्या, माझ्या आधाराने गाडीपर्यंत आल्या.

गाव जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "अकरा दिवस झाल्यावर एक कर. दह्याचा. वर पांढरं नको, ते टाळूला बसतंय."