लांबचा चाकू, जवळचा चाकू

दोन हजार सालानंतर कधीतरी कॉलेज रोडच्या एका हॉलमध्ये फिलिपिनो चाकूच्या खेळाचं शिबिर भरलं होतं. मी आपली बघायला गेले. शिकवणारा पोरगा पुण्याचा, चपळ, बोलायला गोड. त्याने मध्येच सगळ्यांना विचारलं, "लांबून खेळणं चांगलं की जवळून?" मला उत्तर ठाऊक होतं, पण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. एरवी तोंडात मूग गिळून बसणारी बाई मी नव्हे, त्या दिवशी मात्र बसले.

ते उत्तर मला मखमलाबादला, पाटाच्या कडेला, मामाच्या अंगणात मिळालं होतं. नव्वदीचं दशक संपत आलेलं. कॉलेज जवळ पडतं म्हणून मी मामा-मामीकडे राहायला होते. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझे लाडही व्हायचे आणि मला बोलणीही भरपूर खावी लागायची. मामी सायखेड्याची. झेंडू, शेवंती, बांधाला मेथी-कोथिंबीर, सगळा मळा ती एकटीच्या जिवावर बघायची. मामा जहाजावर स्वयंपाकी होता. वर्षातला बराचसा काळ समुद्रावर, मग एकदाच सुट्टी. घरी आला की पाहुण्यासारखा आपला टॉवेल कुठंय ते विचारायचा. मामी तो काढून द्यायची आणि चहा ठेवायची. एवढंच त्यांचं बोलणं.

त्याच्या जहाजावर दोघे फिलिपिनो खलाशी होते. कामावरून सुटले की मागच्या डेकवर दोघं लाकडी चाकूंनी खेळायचे आणि मामा बटाटे सोलायचं सोडून बघत बसायचा. त्यातला एक ऊस तोडणाऱ्या बेटावरचा. त्याच्या गावातलं पातं आपल्या कोयत्यासारखं लांब, म्हणून त्याचा खेळही लांबचा. तो समोरच्याच्या जवळ जायचाच नाही. मधे अंतर राखायचं आणि ज्या हातात हत्यार आहे त्याच हातावर वार करायचा. साप मारायचा नाही, दात पाडायचे, असं तो म्हणायचा. दुसरा कोळ्याचा पोरगा. होडीत मागे सरकायला जागा कुठली? त्यामुळे त्याचा चाकू आखूड आणि खेळ जवळचा. थेट समोरच्याच्या पुढ्यात शिरायचा, आणि त्याचा रिकामा डावा हातच जास्त काम करायचा. समोरच्याचं मनगट धरायचा, दाबायचा, वळवायचा, सोडायचाच नाही. त्या रिकाम्या हाताला ते लोक जिवंत हात म्हणतात. मला हे लय आवडलं होतं. आपल्याकडे रिकाम्या हाताला कोण विचारतं?

पंचवटीत दांडपट्टा खेळणारे होते, मामाने लहानपणी बघितलेले. पट्ट्याच्या मुठीत हात पार कोपरापर्यंत अडकलेला असतो, सगळा झोक खांद्यातून येतो. या खेळात मनगट मोकळं, ते सारखं वळायचं. फरक सांगताना मामा एवढा रंगायचा की चहावर साय धरायची.

त्या सुट्टीत त्याने बाभळीचे दोन चाकू तासले आणि मला शिकवायला घेतलं. मामाचा खेळ लांबचा. एक पाय कायम मागे, अंग तिरकं, चेहरा हसरा. मी पुढे घुसले की माझ्या मनगटावर टक्क बसायचं.

"मामा, तू जवळ का येत नाहीस?" मी चिडून विचारायचे.

"जवळ गेलं की लागतं बाई," तो म्हणायचा.

खरी गंमत चाकू हिसकावून घ्यायच्या डावात झाली. तिकडच्या रीतीत चाकू काढून घेतला की लगेच समोरच्याच्या हातात परत द्यायचा, म्हणजे सराव थांबत नाही. आमच्या घरात धारेची वस्तू हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. विळा असो, कात्री असो, खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. त्यामुळे मी मोठ्या शूरपणे मामाचा चाकू काढून घेतला आणि वाकून त्याच्या पायाशी ठेवला. वर चुकून पाय लागला म्हणून चाकूला नमस्कारही केला. मामाने कपाळाला हात लावला. "अगं, तू नमस्कार करेपर्यंत समोरचा तुला कापून घरी जाईल!"

"लाकडाचा असला तरी चाकूच हाय," ओट्यावर विळीवर बसलेली मामी म्हणाली. "हातात द्यायचा नाय."

मग तोच नियम झाला. जिंकणाऱ्याने चाकू खाली ठेवायचा, हरणाऱ्याने उचलायचा, की पुढचा डाव सुरू. मामी रोज भाजी चिरता चिरता बघत असायची. एकदा म्हणाली, "तुमचा चाकू भाजीकडं जातो. माझी भाजी चाकूकडं येते." मामा यावर हसला. मी नाही हसले, कारण मामीचं कशावर लक्ष होतं ते मला कळत होतं.

मामाने या खेपेला परत जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. मला ते दिसत होतं, शेजारणीला दिसत होतं, एक मामाला तेवढं दिसत नव्हतं. आणि ती स्वतःहून बोलणारी नव्हती. जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, कुठं चाललात विचारू नये, अशा शिस्तीत वाढलेली ती बाई. लग्नापासून मामा दरवेळी "येतो" म्हणायचा आणि ती दारातून "या" म्हणायची. मग आत येऊन भांडी घासत बसायची, घासलेलीच पुन्हा. मी मागच्या वर्षी ते बघितलं होतं. मला तिचा राग यायचा. अगं, तोंड आहे ना देवाने दिलेलं?

नवरात्रात शेजारच्यांच्या फोनवर मुंबईहून जहाज कंपनीचा निरोप आला. फोन मामीनेच घेतला. अंगणात आली, झेंडूच्या ढिगाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "दसरा झाला की बोलावलंय. बॅग भरायची का?" मामा म्हणाला, "भर." माझ्या हातातली परडी मी जरा जोरातच आपटली.

खंडेनवमीला मामीने घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. कोयता, विळे, खुरपी, विळी. त्यांच्या शेजारी बाभळीचे ते दोन चाकूही ठेवले. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. मामा बघत राहिला. "हे पण?" त्याने विचारलं. "घरातलंच हाय ना," मामी म्हणाली. त्या दिवशी कशालाच हात लावायचा नव्हता, त्यामुळे आमचा खेळही बंद.

दसऱ्याला मामी पहाटेच फुलबाजारात गेली, दुपारी परत आली. संध्याकाळी सोनं वाटून झालं. अंगणात विकायचा राहिलेला झेंडू पसरलेला होता. मामा म्हणाला, "चल, शेवटचा डाव." मी चाकू उचलणार तोच मामी ओट्यावरून उतरली. पदर खोचला आणि माझ्या आधी तिने चाकू उचलला.

"मी खेळते," ती म्हणाली.

मामा हसायलाच लागला. त्याने आपला नेहमीचा पवित्रा घेतला, एक पाय मागे. मामी पुढे आली. टक्क, मनगटावर. ती थांबली नाही. पुन्हा टक्क. बांगडी फुटली. मामा घाबरून म्हणाला, "अगं, लागेल." तोवर ती त्याच्या पुढ्यात पोचली होती. तिने आपला चाकू टाकून दिला, डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, वळवलं आणि उजव्याने त्याचा चाकू काढून घेतला. रोज ओट्यावर बसून बाईने सगळं पाठ केलं होतं.

मामा खूष झाला. "वा! आता खाली ठेव, मी उचलतो."

मामीने चाकू खाली ठेवला नाही. त्याचं मनगटही सोडलं नाही.

"ठेव ना."

"नाय ठेवणार," मामी म्हणाली. "ठेवला की तुम्ही उचलता. मग परत दुसरा डाव, परत दुसरी खेप. मला नाय आता जमत. अंथरुणाची घडी मी एकटीच घालते. जाऊ नका."

मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून हे ऐकत होते. कुठं बघावं ते मला कळेना, म्हणून खाली बसून झेंडूची फुलं गोळा करायला लागले. डोळे भरून आले होते. मामाने मागचा पाय पुढे घेतला, एवढं मला खालून दिसलं.

"आधी का नाही म्हणालीस?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्ही लांब उभे होता."

दुसऱ्या दिवशी मामा नाक्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन आला. चप्पल काढली आणि म्हणाला, "कळवलं त्यांना. येत नाही म्हणून." मामीने मान डोलावली आणि वांगी धुवायला घेतली. मी म्हटलं, आता तरी ही बाई रडेल. पण नाही.

मामा तिच्याजवळ गेला, म्हणाला, "सरक, मी चिरतो." जहाजावर सुरीने भाजी चिरून शंभर जणांचं जेवण करणारा माणूस विळीवर बसला आणि वांगं कसं धरावं ते त्याला कळेना. लांबूनच, बोटांच्या टोकांनी, अंग मागे ठेवून तो चिरायला लागला. फोडी वाकड्यातिकड्या पडायला लागल्या.

मामीने त्याच्याकडे बघितलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "असं लांबून नाय जमत. जवळ सरकून बसा."

मामा सरकून बसला.