तिसरा नकार

आमच्या गावात कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा 'अहो, कशाला उगाच' म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग 'बरं, तुम्हाला त्रास नसेल तर' म्हणून घ्यायचं. मग ती कॉफी असो, गाडीतून घरापर्यंत सोडणं असो, नाहीतर मूत्रपिंड असो. पहिल्या हाकेला हो म्हणणारा माणूस हावरट. ताटातली शेवटची वडीसुद्धा आम्ही उचलत नाही. तिची अर्धी करतो, अर्धीची पाव करतो, आणि उरलेला भुगा यजमानीण कचऱ्यात टाकते. मिनेसोटाच्या या भागात ह्याला चांगुलपणा म्हणतात. मी ह्याला हल्ली काय म्हणते ते छापण्यासारखं नाही. ह्याच चांगुलपणाने माझ्या भावजयीचा घात केला.

आर्लिस ट्वेट ही माझ्या भावाची, गॉर्डीची बायको. शाळेची पिवळी बस चालवते. रस्ता कुठे संपला आणि शेत कुठे सुरू झालं हे दिसत नाही अशा बर्फातसुद्धा तिची बस कधी चुकली नाही. पोरं तिला टरकून असतात आणि तिच्यासाठी भांडतातही. बसवाल्यांना उन्हाळाभर सुट्टी. बाकीचे तळ्यावर गळ टाकून बसतात आणि आर्लिस कॉलेजात जाते, तत्त्वज्ञान शिकायला. तरुणपणी अर्धवट सोडलेली पदवी होतीच. उन्हाळ्यात एखादा विषय, हिवाळ्यात संध्याकाळचा एखादा, असं करत तिने ती पुन्हा धरली.

हे खूळ कुठून आलं तेही सांगते. गॉर्डी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला आणि तिथेच कोसळला. मेंदूत रक्तस्राव. शहरातल्या हॉस्पिटलात त्याला यंत्रावर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आता हा माणूस परत येणार नाही, यंत्र काढायचं की नाही ते तुम्ही सांगा. आर्लिस म्हणाली, काढा. त्या दिवशी वादळाने हमरस्ता बंद होता. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळं गाव जमलं. प्रत्येकीच्या हातात हॉटडिशचं भांडं, खिमा आणि बटाटे घालून भट्टीत भाजलेलं. त्यात माझंही होतं. प्रत्येकीच्या तोंडात एकच वाक्य, 'सुटला बिचारा, बरंच झालं.' आर्लिसने पाद्र्याला सरळ विचारलं, "मी केलं ते बरोबर केलं का?" पाद्री तिच्या कपाकडे बघून म्हणाला, "आणखी थोडी कॉफी?"

त्याच उन्हाळ्यात तिने कॉलेजात नाव घातलं. पण नीतिशास्त्राला हात लावेना. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आधी विचार करायला शिकते, लव्हॉन. मग तो विचार करते. तो विषय शेवटी."

इथेच सगळं नासलं. ह्या वसंतात कॉलेजच्या मंडळाने जाहीर केलं की तत्त्वज्ञान विभाग बंद. विद्यार्थी येत नाहीत म्हणे. आइस हॉकीचं मैदान बांधायला बरे पैसे मिळतात! ज्यांचे विषय उरलेत त्यांनी ते ह्या उन्हाळ्यात संपवावेत, शेवटची संधी. नाही जमलं तर 'सर्वसाधारण अभ्यास' अशा नावाची पदवी मिळेल. म्हणजे लग्नाला जायचं आणि नवरीऐवजी मांडवाचा खांब घरी आणायचा. बहुतेक पोरांनी निमूटपणे विषय बदलले. आर्लिसचे पाच उरले होते. उन्हाळ्यात तीनच्या वर घेता येत नाहीत. पाचांसाठी डीनची खास परवानगी लागते.

डीन नव्या होत्या. रोझाना कॅपुटो, न्यू जर्सीच्या. भरभर चालायच्या, भरभर बोलायच्या आणि बोललं तेच त्यांच्या मनात असायचं. असलं माणूस आमच्याकडे दुर्मीळ. मी कॉलेजच्या कँटीनमध्ये काउंटरवर असते, त्यामुळे मला सगळे रोज दिसतात. बाई वाईट नाही, हे मी रागातही सांगते. त्यांनी आर्लिसला विचारलं, "पाच विषय? वेड लागलंय का तुम्हाला?" आर्लिस म्हणाली, "लागलं असेल." त्यांनी हसून सही केली.

मग तो उन्हाळा! सकाळी तर्कशास्त्र, दुपारी ग्रीक लोक. ते दोन जूनमध्ये संपले की जुलैत ज्ञानाचं एक, मनाचं एक आणि शेवटी नीतिशास्त्र. दिवसाला पुस्तकाची इतकी पानं की मला तेवढी वर्षाला होत नाहीत. घरी तिला वाचता येईना, खुर्चीत पाठ धरायची. शेवटी ती बसच्या आगारात जाऊन स्वतःच्या बसमध्ये, चालकाच्या जागेवर बसून वाचायला लागली. सगळ्या खिडक्या उघड्या, पुस्तक स्टीअरिंगच्या चाकावर टेकवलेलं, आणि डासांनी फोडून काढलेले हात. मी जेवणाचा डबा घेऊन जायची तर मला म्हणायची, "हळू बोल, प्लेटोमधे आहे मी."

लिंडक्विस्ट सर तिचे प्रोफेसर. म्हातारे, कानाला यंत्र, शर्टावर कायम मोहरीचा डाग. त्यांची एकच खोड. तुम्ही काहीही म्हणा, ते मान तिरकी करून विचारणार, "कारण?" आज उकडतंय म्हटलं तरी "कारण?" आर्लिसला ही खोड अशी लागली की गाव हैराण झालं. मी म्हटलं, यंदा दुधीभोपळे फार आलेत, चार घेऊन जा. ती म्हणाली, "नको." मी म्हटलं, घे गं. "कारण?" मी म्हटलं, "कारण माझ्या घरात आता भोपळ्यांना राहायला जागा नाही आणि तू डोकं खाऊ नकोस." ती खूश झाली. म्हणाली, "हे बघ, ह्याला म्हणतात कारण." गॉर्डी गेल्यापासून तिला इतकं जिवंत मी पाहिलं नव्हतं.

पहिले दोन विषय तिने पार केले. जुलैचे वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर घोडं अडलं. नीतिशास्त्राला पुरेशी नावं नव्हती. आर्लिस आणि आणखी दोन पोरं. नियम असा की पाचाच्या खाली वर्ग चालत नाही. वर्ग रद्द. त्या पोरांनी लगेच दुसरा विषय घेतला.

डीनबाई स्वतः कँटीनमध्ये तिला शोधत आल्या. मी समोरच होते, ट्रे पुसत. बाई म्हणाल्या, "आर्लिस, वाईट वाटतं मला. पण मी लिंडक्विस्टांशी बोलले. ते तुम्हाला एकटीला शिकवतील, पूर्ण विषय धरला जाईल. करू का सोय?"

माझ्या जिवात जीव आला. आर्लिसचा चेहरा तर असा उजळला की आंधळ्यालाही कळलं असतं. आणि ती म्हणाली, "छे छे, नको हो. सर दमलेत बिचारे."

"नक्की? त्यांची तयारी आहे."

"अहो, कशाला उगाच एकटीसाठी एवढा खटाटोप."

मी श्वास रोखून तिसऱ्याची वाट बघत होते. आर्लिसचं 'बरं, त्रास नसेल तर' ओठांवर येऊन बसलं होतं, मला दिसत होतं. डीनबाईंनी मान हलवली. "ठीक आहे. समजूतदार आहात तुम्ही." आणि सॅलडची थाळी उचलून निघून गेल्या!

मला ट्रे फेकून मारावासा वाटला. कोणाला, ते ठरेना. मी काय केलं? ट्रे पुसला. मी पण ह्याच गावची.

"धाव, अडव तिला," मी म्हटलं.

"अगं, असं कसं? मागून घेतल्यासारखं होईल ते. विचारेल ती पुन्हा."

"ती न्यू जर्सीची आहे, आर्लिस! ती पुन्हा विचारणार नाही. तिथे नको म्हणजे नको असतं!"

"विचारेल गं. कोणीही विचारेल."

तो आठवडा ती कँटीनमध्ये डीनबाईंच्या वाटेवरच्या टेबलावर येऊन बसायची. बाई जाता-येता हसून हात करायच्या. हीही हसून हात करायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मारणारी आपणच. शेवटी मीच तिला दंडाला धरून डीनच्या ऑफिसात नेली. तोवर उशीर झाला होता. शिकवणी होणार नाही असं बाईंनी मंडळाला कळवलं होतं आणि मंडळाने लिंडक्विस्ट सरांना महिनाअखेरीऐवजी आधीच मोकळं केलं होतं. चालू दोन विषयांच्या परीक्षा दुसरंच कोणी घेणार होतं. डीनबाई मंडळाकडे परत गेल्या, दोनदा गेल्या. मंडळाने दार लावून घेतलं.

"पण तुम्ही नको म्हणालात ना!" बाई म्हणाल्या. "मी दोनदा विचारलं!"

मग मी तोंड उघडलं. म्हटलं, "बाई, आमच्याकडे दोनदा विचारणं म्हणजे न विचारणं. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय इथे कोणी मिठालासुद्धा हो म्हणत नाही. ही चूक तुमची नाही, आमच्या वाडवडिलांची आहे, पण भोगतेय ती."

बाई माझ्याकडे वळल्या. "हे मला येताना कोणीच का नाही सांगितलं?"

"कारण तुम्ही तीनदा विचारलं नाहीत," आर्लिस म्हणाली. तिच्या तोंडून एवढं कडवट मी पहिल्यांदा ऐकलं.

तरी तिने उरलेले दोन विषय सोडले नाहीत. ज्ञान आणि मन, दोन्ही पार केले, दोन्हींत वरची श्रेणी. पाचातले चार. आणि ज्याच्यासाठी एवढा डोंगर पोखरला तो पाचवा गेला.

ऑगस्टमध्ये कॉलेजच्या हिरवळीवर तंबू ठोकून पदवीदान झालं. उकडलेली मक्याची कणसं, रूबार्बच्या आंबटगोड वड्या, पातळ कॉफी, सगळं गाव हजर. लिंडक्विस्ट सर मागच्या खुर्चीत बसले होते, मंडळींनी त्यांना साधं पुढेही बोलावलं नाही. मंडळाचे अध्यक्ष तत्त्वज्ञान विभागाच्या 'थोर परंपरे'बद्दल बोलले. स्वतःच गळा दाबायचा आणि स्वतःच श्राद्धाचं जेवायचं, ह्याला लागतं ते धाडस अध्यक्षांकडे भरपूर होतं.

आर्लिसचं नाव पुकारलं. ती पुढे गेली. डीनबाईंनी निळी सोनेरी फाइल पुढे केली. 'सर्वसाधारण अभ्यास, विशेष गुणवत्तेसह.'

"नको," आर्लिस म्हणाली.

सगळे कौतुकाने हसले. पहिलं नको, रीतच ती. डीनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शिकली होती बाई. त्या प्रेमाने म्हणाल्या, "घ्या ना, आर्लिस. तुम्ही कष्टाने मिळवलीय."

"नको, खरंच."

आता डीनबाई चक्क हसल्या. त्यांना आता आमची रीत येत होती ना. दोन्ही हातांनी फाइल पुढे धरून, अगदी आमच्या बायकांसारखा सूर लावून म्हणाल्या, "घ्याच बाई. माझ्यासाठी. त्रास कसला त्यात?"

अख्खा तंबू 'बरं' ऐकायला थांबला होता.

"नको," आर्लिस म्हणाली. "मला हे नको होतं. मला जे पाहिजे होतं ते मी पहिल्यांदाच मागायला हवं होतं. ते मी मागितलं नाही, म्हणून हे का घेऊ?"

आमच्या गावात तिसऱ्यांदा नको कोणी म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. अध्यक्षांच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. कोणीतरी घाईघाईने म्हणालं, "आणखी कॉफी?" मागून एकट्या लिंडक्विस्ट सरांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाकी कोणी वाजवत नाही हे त्यांना ऐकू येत नसल्याने बराच वेळ वाजवल्या.

ती तंबूतून निघाली ती थेट आगारात. मी मागोमाग. ती बसमध्ये चालकाच्या जागेवर बसली, मी तिच्या मागच्या बाकावर, पोरं बसतात तशी गुडघे पोटाशी घेऊन. इंजीन बंद, ऊन तापलेलं. मला वाटलं रडेल. तिने वरच्या आरशात माझे डोळे पकडले, पोरांचे पकडते तसे.

"लव्हॉन, मी गॉर्डीचं यंत्र काढायला सांगितलं ते बरोबर केलं का?"

माझ्या तोंडात ते वाक्य तयारच होतं. सुटला बिचारा, बरंच झालं. हॉटडिशसोबत दिलेलं, सगळ्या गावाने दिलेलं. ते ओठांपर्यंत आलं आणि मला त्याची शिसारी आली. ह्या बाईने पाच विषयांचा उन्हाळा अंगावर घेतला तो ह्या एका प्रश्नासाठी, आणि मीही तिला कॉफीच वाढणार होते.

"नाही," मी म्हटलं. "मला नाही वाटत बरोबर. तेव्हाही नव्हतं वाटलं. मला तुझा राग आला होता, आर्लिस. अजून आहे."

आरशातले तिचे डोळे हलले नाहीत. तिने उजव्या हाताचा दांडा ओढून बसचं दार लावून घेतलं, आणि मान तिरकी केली.

"कारण?" ती म्हणाली.

"कारण रस्ता सकाळी उघडणार होता," मी म्हटलं, "आणि तो माझा भाऊ होता."