दहाव्याच्या दुपारची मीटिंग

आई गेली तेव्हा मी लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात होतो. इंदापुरात खोली करून राहायचो. आई लोणी भापकरला, थोरल्या भावाकडे. पहाटे भावाचा फोन आला तसा निघालो. बारामतीच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा ऑफिसच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कळवलं. रजा ग्रुपवरच कळवायची, असा नियम होता.

लगेच जोडलेले हात येऊ लागले. एकाखाली एक. मधेच कुणीतरी आदल्या दिवशीच्या मालाचं चलन टाकलं, त्याच्याखाली पुन्हा हात. साहेबांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा वजनकाट्यावरच्या माणसाचे वडील वारले होते. तेव्हाच्या मॅनेजरांनी कंपनीची जीप काढायला लावली आणि आम्ही दाटीवाटीनं बसून वालचंदनगरच्या पलीकडे त्याच्या गावी सावडायला गेलो. मॅनेजर नुसते त्याच्याजवळ सतरंजीवर बसून राहिले. माणूस कडक होता, रजा द्यायला खळखळ करायचा, त्याची बोलणी मीही खाल्लीत. पण तो आला होता.

म्हणून मीही वाट पाहिली. निदान शेजारच्या टेबलावरचा सहकारी येईल असं धरून चाललो होतो. आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी तो माझा डबा उघडायच्या आधी मागायचा. राहायला बारामतीतच, आमच्या गावाच्या वाटेवर. त्याचेही हात ग्रुपवर होते. सावडायला तो आला नाही. ऑफिसातलं कुणीच आलं नाही. मांडवात बसलेल्या तात्यांनी, माझ्या चुलत्यांनी, हळूच विचारलं, “हापिसात कळवलं न्हाईस व्हय?”

कळवलंय म्हणालो. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

दहाव्याला डोकं भादरलं, पिंडाला कावळा शिवला, आम्ही घरी आलो. पंगत बसायची होती आणि साहेबांचा फोन आला. हे साहेब पुण्यात बसून आमचं काम बघायचे. एका पुरवठादाराबरोबर ऑनलाइन मीटिंग होती, दराची बोलणी मी केलेली, तेव्हा थोडा वेळ तरी जॉइन हो म्हणाले. रजेवर आहे म्हटलं, तर म्हणाले, घरूनच व्हायचंय ना. गोठ्यामागं रेंज मिळते, तिथं जाऊन उभा राहिलो. कॅमेरा बंद ठेवला होता. साहेबांनी सगळ्यांना कॅमेरे चालू करायला सांगितलं.

मी चालू केला.

“अरे वा, न्यू लुक?” साहेब हसत म्हणाले. “इंदापुरात ऊन जास्त झालं वाटतं.”

चौकटींमधले दोघं-तिघं हसले. माझा टेबलाशेजारचा शेजारीही हसला.

“सर, आज आईचा दहावा आहे.”

साहेब सॉरी म्हणाले, कल्पना नव्हती म्हणाले. मग घसा साफ करून त्यांनी दर विचारले. मी सांगितले, वाहतुकीसकट, एकही आकडा न चुकता. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, याची मला अजून चीड येते.

तेरावं उरकून कामावर गेलो. शेजारी सकाळभर मान वर न करता काम करत होता. दुपारी माझा मोबाइल वाजला. त्याचाच मेसेज होता: सॉरी, त्या दिवशी लक्षात नाही आलं.

मी खुर्ची वळवली. “मी इथं बसलोय.”

तो कानापर्यंत लाल झाला. “अरे, मी तेव्हाच ग्रुपवर मेसेज टाकला होता की.”

“टाकला होतास,” मी म्हणालो. मग खुर्ची परत टेबलाकडं वळवली.

सुटी झाल्यावर गेटबाहेर आलो आणि ग्रुपमधून बाहेर पडलो. इंदापुरात पोचायच्या आत एचआरनं मला परत घेतलं होतं. खाली सूचना होती: कामाचे सगळे निरोप इथंच येतात, कुणीही परस्पर ग्रुप सोडू नये. त्या सूचनेला सगळ्यांनी अंगठे दिले होते. शेजाऱ्यानंही.